आऊटलेटचं पाणी

"आण्णा, हे पाणी तुम्ही नक्की आऊटलेटवरूनच भरता ना?"

एवढंच मी विचारलं होतं. आवाज चढवला नव्हता. उलट ताटात बघत, सहज सुचल्यासारखं विचारलं होतं. डिसेंबरचा महिना होता आणि साडेपाच वाजून गेले होते. आम्ही जैन, दिवस बुडायच्या आत आमच्याकडं जेवणं उरकतात. आण्णांच्या ताटात दीड भाकरी होती आणि मसुराची आमटी. नुकतेच कुठं दोन घास झाले होते.

"आऊटलेटवरून नाही तर कुठनं?" ते म्हणाले. "आपल्या नळाचं भरून देऊ तुला?"

आई हसली. मी हसले नाही, तेव्हा त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"काय झालं?"

"त्यात काही उगवत नाही. सहा महिने झाले. एकदासुद्धा नाही."

"मग चांगलं आहे की."

"इतकं चांगलं नसतं, आण्णा."

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. आण्णांना जाऊनही तेवढीच.

आण्णा, म्हणजे आदगोंडा मगदूम, आमच्या शहराच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात ऑपरेटर होते. गावातल्या गटारांचं आणि संडासांचं पाणी तिथं यायचं, टाक्याटाक्यांतून फिरायचं, शेवटच्या टाकीत त्यात क्लोरीन सुटायचा आणि मग ते पाइपातून नदीला मिळायचं. तो पाइप म्हणजे आऊटलेट; नमुना घ्यायला त्याला टाकीपाशीच तोटी होती. क्लोरीनची टाकी आण्णांच्या ताब्यात होती. घरी गाळून घेतल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस दिवसाला कोट्यवधी जीव मारतो, यावरून त्यांचा सोबती इलाही मुजावर त्यांना नेहमी छेडायचा. "आण्णा, वर गेल्यावर काय सांगणार हो तुम्ही?" आण्णा म्हणायचे, "सांगीन, पगारी नोकरी होती."

मी तेव्हा इथल्याच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करत होते. माझा विषय हेच पाणी. दवाखान्यांतून गटारात येणाऱ्या पाण्यात रोग्यांनी घेतलेली औषधं थोडीथोडी उतरलेली असतात, आणि त्या औषधांना पुरून उरलेले जिवाणूही असतात. औषधाला दाद न देण्याची ही खुबी त्यांच्या जनुकात असते आणि ती ते आपल्यापाशी ठेवत नाहीत. शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊन टाकतात. हे मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा आई दूध विरजत होती.

"म्हणजे विरजणासारखंच की," ती म्हणाली. "एकीकडचं चमचाभर नेलं, की सगळ्या गल्लीत दही."

त्याहून सोपं करून मला आजही सांगता येत नाही.

महिन्यातून एकदा, पहिल्या सोमवारी, मी चार ठिकाणचं पाणी तपासायची. मोठ्या दवाखान्यामागचं गटार, पुलाखालचा नाला, केंद्रात येणारं पाणी आणि केंद्रातून बाहेर पडणारं पाणी. पहिली तीन ठिकाणं माझी. चौथं आण्णांचं, कारण पहाटे सहाला ते तिथंच असायचे. बाटल्या मी आदल्या दिवशी तयार करायची. धुवून, वाळवून, चिमूटभर पावडर घालून, वाफेच्या कुकरमधून काढून, झाकणावर कागद बांधून. आण्णा पाणी भरून बाटली पिशवीत ठेवायचे आणि पाळी संपली की दोन वाजता सायकलवरून कॉलेजच्या फाटकावर आणून द्यायचे. सूचना म्हणून मी फक्त एवढंच म्हटलं होतं, की झाकणाला आतून बोट लावू नका. एकतीस वर्षं रोज पाण्याचे नमुने घेणाऱ्या माणसाला बाटली कशी भरायची हे मी काय शिकवणार? ते मला बरंही दिसलं नसतं.

ते पाणी मी जिवाणूंचं खाद्य घातलेल्या काचेच्या बशांवर, म्हणजे प्लेटांवर, पसरायची; काही प्लेटांत औषधंही घातलेली असायची. पहिल्या तीन ठिकाणांच्या प्लेटा भरून जायच्या. चौथीवर काहीच नसायचं. औषध न घातलेल्या प्लेटेवरसुद्धा नाही.

त्या दिवशी सकाळी नाईकनवरे मॅडमनी, माझ्या मार्गदर्शक होत्या त्या, सहाव्या महिन्याची प्लेट उजेडात धरून बराच वेळ बघितली होती.

"तुझे वडील तिथंच आहेत ना?"

"हो."

"निवृत्तीला किती राहिलं?"

"अकरा महिने."

त्यांनी प्लेट माझ्या हातात दिली. "मी काही म्हणत नाही, त्रिशला. पण परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारेल. बाटली कोणी भरली."

तोच प्रश्न घेऊन मी घरी आले होते.

"इतकं चांगलं का नसतं?" आण्णांनी विचारलं.

"क्लोरीननं सगळे मरत नाहीत. थोडे राहतातच. कुठल्याही शहरातलं बघा."

"मी दुसऱ्या शहरातलं कशाला बघू? मी माझी टाकी बघतो."

"म्हणूनच विचारते."

"काय म्हणूनच?"

आई परातीतलं पीठ उगाच गोळा करत राहिली. मग म्हणाली, "खाऊ दे की त्यांना आधी. दिवस बुडतोय."

आण्णांनी खिडकीकडं बघितलं. समोरच्या घराच्या कठड्यावर उन्हाची तिरीप होती ती गेली होती. ते उठले, ताट तसंच ठेवून मोरीवर गेले आणि हात धुतले. चूळ भरायला तांब्या घेतला, आधी तीनदा विसळला, सवयीनं, आणि मग भरला. बाहेर जाताना दारात थांबले.

"सोमवारी चल माझ्याबरोबर. टाकीवर नको. टाकीत मी काय घालतो, काय नाही, कोण बघतंय? पाइप नदीत पडतो तिथं भरू. तुझ्या डोळ्यांदेखत."

"आण्णा, मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलंस की," ते म्हणाले. रागावून नाही.

रात्री आई माझ्याजवळ येऊन बसली. आण्णा बाहेरच्या खोलीत पडले होते. "क्लोरीन संपला होता ना एकदा, तू चौथीत असशील," ती हळू आवाजात म्हणाली. "साहेब म्हणाला, मगदूम, रोजच्यासारखंच लिहा, कोण विचारतंय. ह्यांनी चार दिवस तांबड्या शाईनं लिहिलं, क्लोरीन नाही. वर्षभर रात्रपाळी दिली मग त्यांना. तेव्हा तू विचारायचीस, आण्णा दिवसा का झोपतात."

"मला आठवतंय."

"आठवतंय तर मग?"

मला आठवत होतं, आणि तरी पटत नव्हतं. माणूस एकतीस वर्षं खरं लिहील आणि शेवटच्या वर्षी स्वतःच्या टाकीवर डाग नको म्हणून एखादी बाटली नळाखाली धरील. हे अशक्य आहे असं मला वाटेना. पुस्तकं वाचून माणसांबद्दल मी एवढंच शिकले होते.

सोमवारी थंडी होती. नदीवर धुकं होतं. पाइपापर्यंत जायला केंद्राच्या मागून पायवाट आहे आणि शेवटी एक नाला आडवा येतो. गावाचा नवा भाग केंद्राला जोडलेला नव्हता. तिकडचं सगळं पाणी, त्यात नव्या दवाखान्यांचंही, या नाल्यानं थेट नदीत यायचं. एरवी आण्णा तिकडं जात नसत, जायचं कारणच नव्हतं. इलाहीकाका आमच्याबरोबर आले होते. त्यांना काय ते कळलं होतं, पण कळल्यासारखं दाखवत नव्हते.

"आण्णा, तुमचा बूट फाटलाय डावा," ते म्हणाले. "माझे घाला."

"तुझ्यात माझं पाऊल शिरायचं का?"

"मग मी उतरतो. मला सांगा काय करायचं."

"नको. बाटली मगदूमनं भरली पाहिजे," आण्णा म्हणाले. "नाही तर परत कोण म्हणंल, इलाहीनं भरली."

थंडीत त्यांच्या टाचांना दरवर्षी भेगा पडायच्या. त्यातून त्यांना साखरेचा आजार. आई रोज झोपताना त्या भेगांत कोकमतेल भरायची. हे सगळं मला माहीत होतं. ते नाल्यात उतरले, दुसऱ्या पावलाला पाणी बुटाच्या वर गेलं, ते क्षणभर थांबले आणि पुढं गेले. मी म्हणू शकले असते, राहू द्या आण्णा, परत या. मी काठावर उभी होते, दोन्ही हातांत मोजे घालून.

लांब काठीला बाटली अडकवायचा चिमटा होता. बाटली मीच अडकवली, कागद मीच सोडला, झाकण मीच काढलं आणि काठी त्यांच्याकडं दिली. त्यांनी बाटली डोळ्यांजवळ नेली. तिच्या तळाशी बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"काय?" मी म्हटलं.

"काही नाही. अशीच भरू?"

"अशीच. लवकर, धुळीचं काही जायला नको."

मला वाटलं, वेळ काढताहेत.

त्यांनी पाइपाच्या धारेखाली बाटली धरली, भरली, काठी माझ्याकडं केली. मी झाकण लावलं, वर तारीख-वेळ लिहिली आणि बाटली माझ्याच पिशवीत ठेवली. आण्णा नाल्यातून वर आले. बूट काढून उपडा केला, तेव्हा त्यातून तांब्याभर तरी काळं पाणी पडलं.

"झालं समाधान?" इलाहीकाकांनी विचारलं. ते कोणाला विचारत होते ते कळलं नाही.

दोन दिवसांनी मी प्लेटा बघितल्या. उगवलं होतं. साध्या प्लेटेवर मोजता येणार नाही इतकं, आणि औषधं घातलेल्या प्लेटांवरही. दवाखान्यात दुसरं काही चालेनासं झालं की जे शेवटचं म्हणून देतात, ते औषध घातलेल्या प्लेटेवरसुद्धा सात ठिपके होते, फिकट, नीट गोल. ठिपका म्हणजे एका जिवाणूपासून वाढलेली सगळी वस्ती. दवाखान्यामागच्या गटारात मी हेच ठिपके सहा महिने मोजत होते. ते केंद्रातून पार होऊन नदीपर्यंत पोचत होते.

मॅडम म्हणाल्या, "हे खरं दिसतंय." मग म्हणाल्या, "आधीच्या सहा महिन्यांचं काय करायचं, ते तू ठरव."

त्या संध्याकाळी आण्णा पायरीवर बसून सायकलच्या साखळीला तेल देत होते. मी शेजारी उभी राहिले.

"उगवलं," मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला. "किती?"

"मोजता येत नाही इतकं."

"आऊटलेटच्या पाण्यात?"

"तुम्हीच भरलंत ना?"

त्यांचा चेहरा असा झाला होता, की घरातलं कोणी आजारी असल्याची बातमी त्यांना रस्त्यात कोणीतरी सांगितली असावी. मग म्हणाले, "आणि मग आधीचे सहा महिने?"

"ते तुम्ही सांगा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खोटं बोलत असते तर नजर वळवली असती. मी खोटं बोलत नव्हते. त्यांनीच वळवली. तेलाची बाटली बंद केली आणि साखळी हातानं फिरवून बघितली.

पुढचे दहा दिवस घरात आमचं बोलणं कामापुरतं होतं. दार लाव, दूध आलं, फोन वाजतोय. आण्णा जास्त वेळ केंद्रावर राहायला लागले. चालताना डावा पाय जपून टाकत होते, पण तसं ते दर थंडीत टाकायचेच. तेल लावायला आई बसली की म्हणायचे, आज नको, झोप येते. बाराव्या दिवशी त्यांना हुडहुडी भरली. आईनं पांघरूण घालताना पाय बघितला आणि मला हाक मारली. टाच काळसर पडली होती आणि पोटरीपर्यंत सूज चढली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आठ-दहा दिवस झाले असतील," ते म्हणाले. "म्हटलं, जाईल."

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम साफ केली, पू तपासायला पाठवला आणि औषध सुरू केलं. ताप उतरेना. दुसरं औषध सुरू केलं. इलाहीकाका रोज पाळी संपली की यायचे, खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे. एकदा मी बाहेर सोडायला गेले तेव्हा म्हणाले, "आण्णा गेले दहा दिवस टाकीवरनं हलत नव्हते बघ. तासातासाला क्लोरीन मोजायचे. मी म्हटलं, बरोबर आहे की सगळं, कशाला जीव खाताय? तर म्हणाले, पोरगीचं खरं असणार इलाही, शिकलीय ती. माझंच कुठंतरी चुकतंय, ते सापडंना."

"माझ्याबद्दल काही बोलले?"

"बोलले की. आत्ता सांगितलं तेच."

चौथ्या दिवशी पुवाचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो आईपुढं धरला आणि म्हणाले, जरा तगडं औषध लागेल, बघू. मग माझ्याकडं बघितलं, मी काय शिकते ते त्यांना माहीत होतं, आणि कागद माझ्या हातात दिला. एकाखाली एक अकरा औषधांची नावं होती. प्रत्येकापुढं एक अक्षर. दहांपुढं एकच अक्षर होतं, म्हणजे चालत नाही. अकराव्यापुढं, चाललं तर चालेल. मला ती नावं वाचावी लागली नाहीत. माझ्या प्लेटांवर मी तीच लिहीत होते, जवळपास त्याच क्रमानं.

हे जिवाणू त्यांना नाल्यातून मिळाले की दवाखान्यातल्या खाटेवर, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. तपासता आलं असतं. नदीवर भरलेल्या त्या बाटलीतले जिवाणू माझ्या फ्रिजमध्ये होते, पुवातले दवाखान्याच्या. दोन्ही शेजारी ठेवून बघायचं, इतकंच. मॅडमनी एकदा अर्धं वाक्य बोलून सोडून दिलं. मीही ते पूर्ण करायला सांगितलं नाही.

सातव्या दिवशी दुपारी आण्णा शुद्धीत होते. ताप थोडा उतरला होता. आईला मी घरी अंघोळीला पाठवलं होतं. ते छताकडं बघत पडले होते आणि मी खुर्चीत. त्यानंतर तिसऱ्या दिवशी ते गेले, पण त्या दुपारी मला वाटलं होतं, की अकरावं औषध चाललं.

"त्रिशले," ते म्हणाले.

"काय आण्णा?"

"तुमच्या कॉलेजात बाटल्या कोण धुतं?"

"कसल्या बाटल्या?"

"तू मला द्यायचीस त्या."

"मीच धुते. का?"

"काही नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "तू रागवू नको. त्या नीट धुतलेल्या नसायच्या."

मी खुर्ची जवळ ओढली.

"तळाला पांढरं काहीतरी राहिलेलं असायचं. साबणाचं असंल, नाही तर खाराचं. पहिल्याच वेळी बघितलं मी. सांगणार होतो तुला. मग म्हटलं, पोर दमून येते, आपण चुका कुठं काढायच्या? आम्हाला ट्रेनिंगला शिकवलंय, ज्या पाण्याचा नमुना, त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळायची आणि मग भरायची. मी चांगली खळखळून विसळायचो. पांढऱ्याचा कण ठेवत नव्हतो."

मी खुर्चीचा हात धरला होता, तो तसाच धरून राहिले.

ती पावडर मीच घालत होते. क्लोरीन सोडलेलं पाणी बाटलीत भरलं की तो क्लोरीन बाटलीतही आपलं काम करत राहतो. भरताना जे जिवाणू जिवंत होते ते प्रयोगशाळेत पोचेपर्यंत मरतात आणि पाणी आहे त्याहून स्वच्छ दिसतं. म्हणून तळाशी ती चिमूट, क्लोरीनला तिथंच थांबवायला. हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात. आण्णा शिकले होते ते रसायनाच्या तपासण्यांसाठीचं, त्यात विसळायचंच असतं. सहा महिने त्यांनी माझी पावडर धुवून टाकली आणि सहाला भरलेलं पाणी दोनपर्यंत क्लोरीनसकट पिशवीत राहिलं. नदीवर मी विसळू दिलं नाही, म्हणून उगवलं. त्यांनी कुठलंही पाणी बदललं नव्हतं. मला चांगला नमुना मिळावा म्हणून ते जेवढं करता येईल तेवढं करत होते.

"ऐकतेस ना?"

"ऐकते."

"नदीवर त्या दिवशी परत दिसलं मला ते पांढरं. विसळू म्हणत होतो. तू म्हणालीस अशीच भरा." त्यांनी मान माझ्याकडं वळवली. एवढं बोलून त्यांना धाप लागली होती. "मी ह्याचाच विचार करतोय कधीचा. टाकी मी दहा दिवस बघितली, तिच्यात काही खोट नाही. मग उगवलं ते त्या घाणेरड्या बाटलीमुळं तर नसंल? बाटलीतलंच काहीतरी उगवलं असंल. असं होतं का गं?"

त्यांनी हे मला दोष द्यायला विचारलं नव्हतं. त्यांना त्यांची टाकी परत हवी होती. एकतीस वर्षं पाणी स्वच्छ करून नदीत सोडलं, एवढंच त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते सांगू शकेल असं तिथं मीच होते.

खरं सांगितलं असतं तर त्यांच्यावरचा आळ गेला असता. पण आळ होता तो माझ्या मनात, आणि तिथून तो आधीच गेला होता. त्यांच्या वाट्याला फक्त एवढंच आलं असतं, की टाकीतून ते जिवाणू पार होतात आणि सहा महिन्यांचे नमुने त्यांनी स्वतःच्या हातांनी धुतले.

"होतं, आण्णा," मी म्हटलं. "बाटलीच घाण होती. चूक माझी."

"नक्की?"

"नक्की. तुमचं पाणी चांगलं आहे."

त्यांनी डोळे मिटले. कपाळावरची आठी सैल झाली, कितीतरी दिवसांनी. मला वाटलं झोपले.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "असू दे. पुढच्या वेळी नीट धू."

"धुते."

पुढं प्रबंधात ते सहा महिने मी बाद केले. कारणापुढं लिहिलं, बाटली तयार करणाऱ्याची चूक. मॅडमनी वाचलं, ती मीच आहे ना असं विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर पान उलटलं. आता मी मुलांना शिकवते. नमुन्याच्या बाटल्या वाटताना पहिलं वाक्य तेच असतं, की तळाशी पांढरं दिसेल ती घाण नाही, विसळू नका. वयानं मोठा माणूस बाटली भरणार असेल तर त्यालाही सांगते, बरं दिसो न दिसो.

आण्णा थोड्या वेळानं हलले. ओठ कोरडे पडले होते.

"दिवस आहे ना अजून?"

खिडकीबाहेर भिंतीवर ऊन होतं, तिरपं, पण होतं.

"आहे."

"पाणी दे मग."

मी कपाटावरचं फुलपात्र उचललं. ते स्वच्छच होतं, सकाळी आईनं घासून ठेवलं होतं. ते मी तांब्यातल्या पाण्यानं तीनदा विसळलं. प्रत्येक वेळचं पाणी खिडकीतून बाहेर टाकलं, चौथ्यांदा भरलं आणि त्यांच्या मानेखाली हात घातला.